ग्लासगोत मॅकिंटॉशच्या इमारती बघायच्यात, सुरुवात कुठून करावी?

निळी_छत्री:

नमस्कार मंडळी. ऑफिसच्या कामाने सध्या ग्लासगोत आहे आणि सप्टेंबरमध्ये आई इकडे येतेय. आई शाळेत चित्रकला शिकवायची, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण हात काही थांबलेला नाही, वही आणि पेन्सिल कायम पर्समध्ये असतेच. तिने कधीतरी एका मासिकात ती उंच पाठीची खुर्ची बघितली होती तेव्हापासून ग्लासगोचा आर्किटेक्ट चार्ल्स रेनी मॅकिंटॉश हे नाव तिच्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि मी ग्लासगोला चाललोय म्हटल्यावर तिने पहिलं काय विचारलं असेल तर "अरे, तो खुर्चीवाला तिथलाच ना?"

तर तिला मॅकिंटॉश नीट दाखवायचाय. नेटवर याद्या ढिगाने मिळतात पण त्यातलं आतून बघण्यासारखं काय, नुसतं रस्त्यावरून बघितलं तरी चालेल असं काय, आणि सोडून दिलं तरी काही बिघडत नाही असं काय, हे कुणी धड सांगत नाही. आर्ट स्कूल जळलं हे माहितीय, मग तिथवर जाण्यात अर्थ आहे का? हेलन्सबराचं हिल हाउस शहराबाहेर आहे, त्यासाठी एक आख्खा दिवस द्यावा का? आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर ती आरामात चालते पण चढ आणि जिने जपून. हातात दोन पूर्ण दिवस आहेत आणि तिसरा अर्धा.

मला स्वतःला आर्किटेक्चरमधलं फार कळत नाही, पण आईला तिथे उभं राहून मी काहीतरी दोन शब्द सांगू शकलो तर बरं वाटेल, म्हणून थोडी पार्श्वभूमीही सांगितलीत तर आभारी राहीन.

ग्रॅफाइट:

आईंना आणताय हे फार छान. मी इथेच राहतो आणि व्यवसायाने आर्किटेक्ट आहे त्यामुळे जरा लांबण लागणार आहे, वाचायची तयारी ठेवा.

आधी एक गोष्ट, जी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. मॅकिंटॉश बाहेरून बघून पुरा होत नाही. बाहेरून त्याच्या बऱ्याच इमारती तशा साध्याच दिसतात, स्कॉटलंडच्या जुन्या गढ्या असतात तशा जाड भिंती, वेड्यावाकड्या जागी छोट्या खिडक्या. त्याचं खरं काम आहे ते खोलीत. आत शिरल्यावर उजेड कुठून येतो, खुर्चीच्या पाठीची उंची किती, दाराच्या काचेत रंगाचा ठिपका कुठे, दिवा टेबलाच्या किती वर लटकतो, हे सगळं एकाच माणसाने (खरं म्हणजे दोघांनी, नवरा आणि बायको) मिळून ठरवलेलं असतं. म्हणून दोन दिवसांत दहा इमारतींचे फोटो काढण्यापेक्षा तीन-चार खोल्यांमध्ये निवांत बसा, आईंना चित्रकलेची नजर आहे म्हणजे त्यांना तर हेच आवडेल.

सुरुवात हंटेरियन आर्ट गॅलरीतल्या मॅकिंटॉश हाउसपासून करा. चार्ल्स आणि त्याची बायको मार्गारेट १९०६ ते १९१४ युनिव्हर्सिटीजवळच्या एका घरात राहायचे. १९६० च्या दशकात ते घर पाडलं, पण त्याआधी आतलं सगळं, म्हणजे फर्निचर, शेकोट्या, दारं, जपून उतरवून ठेवलं होतं. पुढे गॅलरीची नवीन इमारत झाली तेव्हा तिला लागूनच त्या घराच्या मुख्य खोल्या पुन्हा उभ्या केल्या, खिडक्यांच्या दिशासुद्धा मूळच्या घराप्रमाणे ठेवल्या, त्यामुळे उजेड साधारण तसाच पडतो जसा त्या दोघांना दिसत असेल. बाहेरून बघाल तर घराचं मुख्य दार जमिनीपासून वर भिंतीत अधांतरी लटकलेलं दिसतं, कारण मूळ घर उतारावर होतं आणि खोल्यांची पातळी बदलायची नव्हती.

आत गेलात की आधी जेवणाची खोली लागते. भिंती गडद, जवळजवळ काळसर करड्या, आणि त्या उंच पाठीच्या खुर्च्या, आईंच्या ओळखीच्या. त्या खुर्च्या एकेकट्या फोटोत विचित्र वाटतात, पण टेबलाभोवती मांडल्या की खोलीच्या आत आणखी एक छोटी खोली तयार होते, जेवणारे त्या पाठींच्या कुंपणात येतात, बाकीची खोली मागे पडते. मग जिना चढून वर गेलात की एकदम पांढरं. ड्रॉइंग रूम पांढरी, पांढरी रंगवलेली लाकडी कपाटं, खिडक्यांना पातळ पडदे. १९०६ साली, ग्लासगोत, जिथे घराघरात कोळसा जळत होता आणि बाकीच्यांच्या घरी जड गडद पडदे आणि दहा ठिकाणी शोभेच्या वस्तू असायच्या, तिथे पांढरी खोली ठेवणं म्हणजे काय धाडस असेल विचार करा. आईंना सांगा खालून वर जाताना जिन्यात जरा थांबा म्हणावं, अंधारातून उजेडात नेणं हे त्याने मुद्दाम केलंय आणि ते पायऱ्या चढतानाच कळतं. जिना आहे, पण घरातला जिना असतो तेवढाच.

आता आर्ट स्कूल. ही त्याची सगळ्यात मोठी इमारत, पैसे कमी पडले म्हणून दोन टप्प्यांत बांधली, १८९७ ते १८९९ आणि मग १९०७ ते १९०९. मधल्या आठ वर्षांत तो स्वतः बदलला, त्यामुळे पूर्व बाजू आणि पश्चिम बाजू यांत तो बदल सरळ दिसायचा. पश्चिमेला लायब्ररी होती, गडद लाकडी खांब, मधे लटकणारे दिवे, तीन मजले चढत जाणाऱ्या खिडक्या. २३ मे २०१४ ला आग लागली, विद्यार्थ्यांच्या वार्षिक प्रदर्शनाची तयारी चालू असताना, फोमच्या डब्यातला ज्वलनशील वायू प्रोजेक्टरच्या गरम भागाला लागून पेटला असं चौकशीत निघालं. लायब्ररी गेली. मग कारागिरांनी जुने फोटो, नकाशे, जळलेल्या लाकडाचे तुकडे यांवरून ती परत घडवायला घेतली, काम पुष्कळ पुढे आलं होतं आणि १५ जून २०१८ च्या रात्री दुसरी आग लागली, ती पहिलीपेक्षा कितीतरी मोठी. त्या दुसऱ्या आगीचं कारण मोठ्या चौकशीनंतरही निश्चित करता आलं नाही.

त्या दुसऱ्या आगीनंतर पुढचे किती दिवस इथले लोक, ज्यांचा आर्किटेक्चरशी काडीचा संबंध नाही असे लोक, बसमध्ये दुकानात हेच बोलत होते, घरातलं कुणी गेल्यासारखं. आता परांची आणि आवरणाच्या आत दगडी भिंती उभ्या आहेत. आत जाता येत नाही. तरी जा असंच मी म्हणेन, पण पहिल्या दिवशी नको, आधी त्याच्या खोल्या बघून झाल्या की मग जा, म्हणजे काय गेलं ते समजेल. आणि सॉकीहॉल स्ट्रीटवरून वर जाणारा रस्ता चांगलाच खडा चढ आहे, आईंसाठी टॅक्सी वरच्या रेनफ्रू स्ट्रीटवर न्या आणि उतरताना हळूहळू चालत या.

पाऊलवाट:

ग्रॅफाइट, प्रतिसाद जपून ठेवलाय. मी दरवेळी आर्ट स्कूलच्या कुंपणापासून परत फिरायचो आणि मॅकिंटॉश बघून झाला असं समजायचो. हंटेरियनला जातो आता.

दुपारची_गाडी:

हिल हाउसबद्दल मी सांगते कारण माझं ते सगळ्यात आवडतं ठिकाण आहे. हो, द्या दिवस. आख्खा नाही लागत, अर्धा पुरतो, पण घाई नको.

वॉल्टर ब्लॅकी नावाच्या प्रकाशकाने १९०२ मध्ये हे घर बांधायला सांगितलं आणि १९०४ मध्ये ते पूर्ण झालं. मॅकिंटॉशने आधी काय केलं तर ब्लॅकी कुटुंबाच्या राहत्या घरी जाऊन ते कसे राहतात, मुलं कुठे खेळतात, कोण कधी कुठे बसतं ते बघितलं, त्याप्रमाणे आतली रचना केली आणि बाहेरचं रूप त्यानंतर ठरवलं. हे त्या घरात फिरताना पदोपदी जाणवतं. ड्रॉइंग रूममध्ये खिडकीचा भाग पुढे काढलाय, बसायला बाक, उन्हाळ्यात तिथे बसायचं आणि हिवाळ्यात त्याच खोलीत शेकोटीच्या बाजूला सरकायचं, एकाच खोलीत दोन ऋतू. बेडरूम पांढरी, भिंतीवर गुलाबाचं फिकट स्टेन्सिल, आणि पलंग असलेल्या भागाचं छत कमानीसारखं खाली आणलेलं.

आता त्या घराचं दुखणं. बाहेरून त्याला पोर्टलंड सिमेंटचा खरबरीत गिलावा केला, तेव्हा ते नवीन आणि टिकाऊ मानलं जायचं. शिवाय मॅकिंटॉशला रेषा स्वच्छ हव्या होत्या म्हणून भिंतीच्या माथ्यावर पाणी बाहेर फेकणारे दगड, पुढे आलेली वळचण वगैरे ठेवलं नाही. आता स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस कसा असतो तुम्ही बघताच आहात, आडवा, वाऱ्याबरोबर आणि दिवसेंदिवस. गिलाव्याला बारीक भेगा पडल्या, पाणी आत गेलं आणि सिमेंटमुळे बाहेर पडेना. शंभर वर्षं भिंतींनी ओल धरली. जुना चुन्याचा गिलावा असता तर भिंत वाळत राहिली असती. २०१९ मध्ये नॅशनल ट्रस्टने (स्कॉटलंडमधल्या जुन्या वास्तू सांभाळणारी संस्था) आख्ख्या घरावर स्टीलचा सांगाडा उभारून वर छप्पर आणि चारी बाजूंना धातूच्या कड्यांची जाळी लावली, जुन्या योद्ध्यांचं चिलखत असायचं ना तशी विणलेली, तीन कोटींहून जास्त कड्या आहेत म्हणे. वारा आत जातो, पाऊस बराचसा बाहेर राहतो आणि भिंती सावकाश वाळतात. मग दुरुस्ती.

मला सुरुवातीला वाटलं होतं की जाळीत घातलेलं घर काय बघायचं, पण त्या जाळीच्या आत जिने आणि पूल केलेत, घराच्या छपराच्या वरून चालता येतं. चिमणीच्या शेजारी उभं राहून खाली घर आणि पलीकडे क्लाइड नदीचं मुख दिसतं. कुठल्याही घराकडे असं वरून, हाताच्या अंतरावरून बघायला मिळत नाही. गिलाव्यावरचे ओलीचे काळपट डागही इतक्या जवळून दिसतात की आजार काय आहे ते कुणी सांगायची गरज पडत नाही. आईंना वरचे जिने नको असतील तर त्यांनी घराच्या आत थांबावं, तुम्ही वर जाऊन या.

ट्रेन क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून हेलन्सबरा सेंट्रलची, पाऊण तासाच्या आसपास. तिथून घर चढावर आहे, गुडघ्यांचा त्रास असेल तर सरळ टॅक्सी करा. उघडण्याचे दिवस आणि महिने ट्रस्टच्या साइटवर बघूनच निघा, हिवाळ्यात बऱ्याचदा बंद असतं, सप्टेंबर ठीक आहे.

चाफा:

वर ग्रॅफाइट यांनी कंसात "दोघांनी" म्हटलंय, तो कंस काढून टाकायला हवा असं मला मनापासून वाटतं म्हणून लिहितेय. मार्गारेट मॅक्डोनाल्ड ही स्वतः फार मोठी कलाकार होती, लग्न १९०० साली झालं त्याआधीच ती आणि तिची बहीण फ्रान्सिस दोघींचा ग्लासगोत स्वतःचा स्टुडिओ होता. मार्गारेट, फ्रान्सिस, मॅकिंटॉश आणि हर्बर्ट मॅक्नेअर अशी ती चौकडी, चौघं आर्ट स्कूलचे विद्यार्थी, सगळेजण त्यांना "द फोर" म्हणायचे. आणि १९०० मध्ये व्हिएन्नाच्या सेसेशन प्रदर्शनात यांचं काम गेलं तेव्हा तिथल्या कलाकारांनी जे डोक्यावर घेतलं त्यात मार्गारेटची पॅनेल्स होती.

निळी_छत्री, तुमची आई चित्रकलेच्या शिक्षिका आहेत तर त्यांना केल्व्हिनग्रोव्ह म्युझियममध्ये नक्की न्या आणि मार्गारेटचं "द मे क्वीन" दाखवा. टी रूम्स चालवणाऱ्या मिस क्रॅन्स्टनच्या इनग्रॅम स्ट्रीटवरच्या टी रूमसाठी १९०० साली केलेलं लांबलचक पॅनेल आहे. लांबून रंगवलेलं चित्र वाटतं. जवळ जा आणि बाजूने, तिरकं बघा. ती रेघ रंगाची नाहीच, ती सुतळी आहे. गोणपाटासारख्या जाड कापडावर जेसोचा, म्हणजे खडू आणि सरस यांचा पांढरा लेप, त्यावर सुतळीने आकार बांधून घेतलेत, मधे मधे काचेचे मणी दाबून बसवलेत, पत्र्याचे तुकडे आहेत. राणीच्या झग्याची कडा जिथे वळते तिथे सुतळी कशी सैल सोडलीय आणि चेहऱ्याजवळ कशी ताणलीय ते बघताना माझा तर पाय निघत नव्हता. चित्र काढणाऱ्या माणसाला हे दुसऱ्या कुणी समजावून सांगावं लागणार नाही, त्या रेघेचा दाब त्यांना आपोआप कळेल. त्याच टी रूमसाठी मॅकिंटॉशने केलेलं "द वासेल" हे जोडीचं पॅनेलसुद्धा तिथेच आहे, दोन्ही बघून घ्या, एकाच तंत्रातले दोन हात.

प्रवेश फुकट आहे, लिफ्ट आहे, बसायला बाकं आहेत. हंटेरियनपासून जवळ आहे आणि रस्ता बहुतेक उताराचा, म्हणजे आधी हंटेरियन मग केल्व्हिनग्रोव्ह असं केलंत तर आईंचे गुडघे वाचतील. फक्त सोमवार टाळा, हंटेरियन सोमवारी बंद असतं.

ग्रॅफाइट:

चाफा, कंस काढला. अगदी बरोबर. मिस क्रॅन्स्टनच्याच सॉकीहॉल स्ट्रीटवरच्या विलो टी रूममधलं मार्गारेटचं मोठं पॅनेलसुद्धा मूळचं केल्व्हिनग्रोव्हलाच आहे, टी रूममध्ये आता त्याची प्रतिकृती लावलीय.

रेघोटी:

सगळ्यांचं वाचलं, छान चर्चा चाललीय. एक सूचना उलट बाजूची. बेलाह्यूस्टन पार्कमधलं "हाउस फॉर ॲन आर्ट लव्हर" यादीत असेल तर खुशाल काढून टाका. मॅकिंटॉशने १९०१ मध्ये एका जर्मन मासिकाच्या स्पर्धेसाठी ती चित्रं पाठवली होती, आतल्या खोल्यांची चित्रं वेळेत पुरी झाली नाहीत म्हणून स्पर्धेतून बाद झाली, तरी विशेष बक्षीस मिळालं, आणि प्रत्यक्ष घर उभं राहिलं ते १९८९ ते १९९६ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी. बऱ्याच गोष्टी त्याने ठरवल्याच नव्हत्या, त्या नंतरच्या लोकांनी अंदाजाने भरल्या. ज्या माणसाचं सगळं मोठेपण तपशिलात आहे त्याच्या नावावर दुसऱ्याने ठरवलेले तपशील बघण्यात मला काही अर्थ वाटत नाही. शिवाय तिथे लग्नसमारंभ असतात, बऱ्याचदा खोल्या बघायलाच मिळत नाहीत.

ग्रॅफाइट:

रेघोटी, इथे मी सहमत नाही. हंटेरियनमधलं घरही परत जुळवलेलंच आहे, विलोची टी रूम २०१८ मध्ये जीर्णोद्धार होऊन उघडली, तिथल्या बहुतेक खुर्च्या नव्याने घडवलेल्या आहेत, आणि आर्ट स्कूल उद्या उभं राहिलं तर तेही नवंच असेल. मग मूळ म्हणजे काय धरायचं? बेलाह्यूस्टनच्या घरातली म्युझिक रूम, ती पांढरी लांब खोली, उंच खिडक्यांची ओळ आणि टोकाला तो पियानो, याची चित्रं त्याने स्वतः व्यवस्थित काढलेली आहेत आणि त्या खोलीत उभं राहिल्यावर कागदावरची त्याची कल्पना केवढी मोठी होती ते कळतं. दोनच दिवस आहेत म्हणून वगळा, हे मान्य. पण अर्थ नाही असं नाही.

रेघोटी:

चित्रं ज्या खोल्यांची आहेत त्यांच्यापुरतं मान्य करतो. तरी मला एक फरक वाटतो. हंटेरियनमधल्या टेबलावर त्या दोघांचे हात टेकलेले आहेत, शेकोटी तीच आहे. बेलाह्यूस्टनला तसं काहीच नाही. ज्याच्याकडे वेळ कमी आहे त्याने तीच शेकोटी बघावी.

निळी_छत्री:

एवढे प्रतिसाद बघून खरंच भारावलो, सगळ्यांचे मनापासून आभार. आईला फोनवर चाफांचा प्रतिसाद वाचून दाखवला, ती "सुतळी? सुतळी म्हणतोस तू?" असं विचारत राहिली आणि मग म्हणाली आधी तिथेच जायचं.

आता असं ठरवतोय: पहिल्या दिवशी टॅक्सीने हंटेरियन, मग उतरत केल्व्हिनग्रोव्ह. दुसऱ्या दिवशी हिल हाउस. तिसऱ्या अर्ध्या दिवशी विलो टी रूम आणि आर्ट स्कूल बाहेरून. बेलाह्यूस्टन या वेळी नाही. दोन शंका उरल्यात. विलोमध्ये नुसता चहा प्यायला गेलं तर सगळं बघायला मिळतं का, आणि आईला बसून स्केच करायचं असेल तर या जागांमध्ये चालतं का? आणि सेंटरमध्ये येता-जाता रस्त्यावरून दिसेल असं आणखी काही असेल तर तेही सांगा.

दुपारची_गाडी:

प्लॅन मस्त झालाय. विलोबद्दल मी सांगते. आधी थोडं मिस क्रॅन्स्टनबद्दल, कारण तिच्याशिवाय मॅकिंटॉशला इतकं मोकळं काम मिळालंच नसतं. त्या काळात ग्लासगोत दारूबंदीची चळवळ जोरात होती आणि दारूच्या गुत्त्याशिवाय बसायला जागा हवी, बायकांनासुद्धा एकट्याने जाता येईल अशी, म्हणून टी रूम्स निघाल्या. केट क्रॅन्स्टनच्या शहरात चार टी रूम्स होत्या आणि चारही ठिकाणी मॅकिंटॉशने कमी-जास्त काम केलं. १९०३ ची सॉकीहॉल स्ट्रीटवरची विलो ही एकच अशी की जिथे इमारतीच्या दर्शनी बाजूपासून चमच्यांपर्यंत सगळं त्याच्या हाती दिलं. आजूबाजूच्या दगडी इमारतींच्या रांगेत ती एकटीच पांढरी गुळगुळीत दिसते, लांबूनच ओळखाल.

चहाला जा, पण टेबलाचं बुकिंग आधी करा आणि बुकिंग करताना पहिल्या मजल्यावरचा "सलॉन द लक्स" बघायचाय असं विचारून घ्या. चंदेरी रंगाच्या, जांभळ्या गाद्यांच्या खुर्च्या, भिंतीवर आरशांच्या तुकड्यांची पट्टी आणि शिशाच्या पट्ट्यांत काचा बसवलेलं ते जोड-दार. त्या दाराची जेवढी तारीफ करावी तेवढी कमी. दार उघडं असेल तर ते बंद कसं दिसतं ते बघायला मिळत नाही, तिथल्या माणसांना विनंती करा, भली माणसं आहेत, करतात बंद. खालच्या मजल्यावरही बघण्यासारखं आहे, मागच्या भागात वरच्या गॅलरीतून उजेड खाली येतो तिथे बसायला मिळालं तर उत्तम. २०२४ पासून ही जागाही हिल हाउसवाल्या नॅशनल ट्रस्टकडेच आहे, त्यामुळे त्यांची मेंबरशिप घेतलीत तर दोन्हीकडे उपयोगी पडते का ते तिकीट काढायच्या आधी विचारा.

ग्रॅफाइट:

रस्त्यावरून दिसणाऱ्यांपैकी तीनच सांगतो, तिन्ही जाता-जाता होतील.

बुकॅनन स्ट्रीटजवळ मिचेल लेनमध्ये जुनी ग्लासगो हेरल्ड वर्तमानपत्राची इमारत आहे, १८९५ ची. मॅकिंटॉश तेव्हा हनीमन अँड केपी या फर्ममध्ये पोरसवदा ड्राफ्ट्समन होता, नाव फर्मचं, हात त्याचा. कोपऱ्यावर जो मनोरा दिसतो त्यात वरती पाण्याची प्रचंड टाकी होती, आग लागली तर छापखाना वाचावा म्हणून. आर्ट स्कूलचं काय झालं ते माहिती असताना त्या मनोऱ्याकडे बघायला मला दरवेळी कठीण जातं. गल्ली अगदी अरुंद आहे, मान पूर्ण वर करून बघा, वरच्या भागात दगड फुगीर कसा होतो ते दिसतं.

दुसरी डेली रेकॉर्डची इमारत, रेनफील्ड लेनमध्ये, सेंट्रल स्टेशनपासून दोन पावलांवर. ही पण वर्तमानपत्राचीच आणि ही पण गल्लीत. इथे त्याने वरच्या भिंतींना पांढऱ्या चकचकीत विटा लावल्या, कारण गल्लीत ऊन येत नाही, मग भिंतच उजेड परतवेल. शंभर वर्षांच्या काजळीनंतरही ढगाळ दिवशी ती युक्ती चालते, तुम्हीच बघा. लोक रोज तिथून जातात आणि वर बघत नाहीत.

तिसरी स्कॉटलंड स्ट्रीटची शाळा, १९०३ ते १९०६. शील्ड्स रोड सबवे स्टेशनमधून बाहेर पडलात की समोरच. दोन जिन्यांचे गोल मनोरे, नखशिखान्त काचेचे, एक मुलांचा एक मुलींचा. जुन्या स्कॉटिश गढ्यांमध्ये असे गोल जिने जाड दगडी भिंतीत कोंबलेले असतात, अंधारे. त्याने आकार तोच घेतला आणि दगडाच्या जागी काच लावली, म्हणजे वर्गात जाता-येताना पोरं उन्हातून चढणार. आईंनी शाळेत नोकरी केलीय म्हणून ही मुद्दाम सांगतोय. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून पाहिलं तरी काम झालं, आणि सबवे गोल फिरतो, चुकीच्या बाजूच्या गाडीत बसलात तरी पोचताच.

चाफा:

दोन शब्द सांगायला हवे म्हणाला होतात म्हणून एक गोष्ट जोडते, आईंना हंटेरियनमध्ये ती पांढरी खोली बघताना सांगा. एवढं सगळं करून मॅकिंटॉशला ग्लासगोत पुढे काम मिळेना, १९१४ मध्ये दोघांनी शहर सोडलं. सफोकच्या समुद्रकिनाऱ्यावर राहायला गेले तर युद्ध सुरू झालेलं, हा माणूस संध्याकाळी एकटा फिरतो आणि घरी जर्मनीतून ऑस्ट्रियातून पत्रं येतात म्हणून लोकांनी हेर ठरवलं. मग लंडन, मग फ्रान्सच्या दक्षिणेला पोर-व्हांद्र, तिथे त्याने बांधकाम पूर्ण सोडून फक्त जलरंगात चित्रं काढली. १९२८ मध्ये तो गेला, १९३३ मध्ये मार्गारेट. मागे राहिलेल्या सामानाची, चित्रांसकट, किंमत कुणीतरी ८८ पौंडांच्या घरात लावली. त्यातलं बरंचसं हंटेरियनकडे आलं म्हणून आज आपण बघतोय. जलरंगातली चित्रंही त्यांच्या संग्रहात आहेत, पण कागद आणि रंग उजेडाने खराब होतात म्हणून आलटून पालटून लावतात, त्या दिवशी काही लावलंय का ते काउंटरवर विचारा. तुमच्या आईंना ती खडकांची चित्रं बघायला मिळाली तर फार बरं होईल, कारण त्या खडकांतही तो इमारतच शोधत होता असं मला वाटतं.

आणि स्केचचं, बहुतेक म्युझियममध्ये पेन्सिल चालते, रंग आणि शाई चालत नाही. केल्व्हिनग्रोव्हला तर शाळेची मुलं जमिनीवर बसून काढत असतात. हंटेरियनच्या घरात खोल्या लहान आहेत, गर्दी असेल तर एका जागी फार वेळ उभं राहता येत नाही, म्हणून सकाळी उघडल्या उघडल्या जा आणि दारावरच्या माणसाला आधी विचारून घ्या. घडीचं स्टूल मिळतं का तेही विचारा, काही गॅलऱ्या देतात.

निळी_छत्री:

हे सगळं आईला व्हॉट्सॲपवर पाठवलं. तिने टूबीची पेन्सिल आणि छोटी वही वेगळी काढून ठेवलीय. हंटेरियनचा मंगळवार सकाळचा टाइम पकडतोय, विलोचं टेबल आजच बुक करतो. कुणी त्या आठवड्यात ग्लासगोत असेल आणि सोबत यायचं असेल तर व्यनि करा, आईला मराठीत बोलायला माणसं मिळाली तर आणखी आनंद होईल.

पाऊलवाट:

मंगळवारी सकाळी मी मोकळा आहे. व्यनि केलाय.